टपाल, तारखा आणि माणसं

न्यूयॉर्कमधला एखादा सहकारी पुण्यातल्या टीमला दर मंगळवारच्या मीटिंगचं आमंत्रण पाठवतो, तेव्हा ते मेलने येतं. मेलला एक छोटी आयसीएस फाइल जोडलेली असते. ती नोटपॅडमध्ये उघडून बघण्यासारखी आहे, कारण आत साधा मजकूरच असतो. हे आमंत्रण आहे, उत्तर आहे की मीटिंग रद्द झाल्याची सूचना, हे सुरुवातीलाच लिहिलेलं. मग एक लांबलचक ओळखक्रमांक, जो त्या मीटिंगला शेवटपर्यंत चिकटलेला राहतो. मग आवृत्तीचा आकडा. वेळ बदलली की तो वाढतो. वेळ न्यूयॉर्कची, सकाळी दहा, आणि तिच्या जोडीला तिथली घड्याळं कधी पुढे जातात नि कधी मागे येतात याचा नियम. बोलावणाऱ्याचं नाव, बोलावलेल्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे त्याचा मेलचा पत्ता व उत्तर यायचं बाकी असल्याची नोंद.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासाने पुढे जातात आणि पुण्यात रात्री साडेआठला होणारी ही मीटिंग साडेसातला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती परत साडेआठला जाते. हिंजवडीत काम करणाऱ्या कुणालाही हे तोंडपाठ असतं. आमंत्रणातला नियम कॅलेंडरपर्यंत पोचला असेल तर वेळ आपोआप सरकते. पण मेल एका अ‍ॅपमध्ये, कॅलेंडर दुसऱ्यात, दोघांमध्ये देवाणघेवाण नाही, आणि कुणी मेल वाचून हातानेच ‘मंगळवार, रात्री साडेआठ’ असं टिपून ठेवलं असेल, तर मार्चमध्ये तो माणूस मीटिंग संपत आल्यावर हजर होतो. आणखी एक गंमत बघा. आमंत्रण तुमच्या जुन्या पत्त्यावर आलं आणि तिथून नव्या पत्त्यावर वळवलं गेलं, तर अनेक प्रोग्रॅम ते स्वीकारण्याचं बटणच दाखवत नाहीत, कारण निमंत्रितांच्या यादीत त्यांना तुम्ही सापडतच नाही. अडचण तारखेची वाटत होती, ती माणसाच्या पत्त्याची निघाली.

टपाल, तारखा आणि माणसं हे तिन्ही एकाच अ‍ॅपमध्ये ठेवावं की प्रत्येकाला वेगळं अ‍ॅप असावं, हा प्रश्न डॉक्टर, सीए, प्राध्यापक, सोसायटीचे सेक्रेटरी असे नाना तऱ्हेचे लोक विचारतात. बहुतेकांना उत्तरात एखाद्या अ‍ॅपचं नाव हवं असतं. या पुस्तकात तसं नाव मिळणार नाही. खिडकी एक की तीन, हे मी शेवटी ठरवायला सांगतो. माहिती कुठे साठते, कोणत्या स्वरूपात साठते, आणि उद्या दुसऱ्या प्रोग्रॅमला ती वाचता येईल का, हे आधी. ते जमलेलं असेल तर अ‍ॅप बदलणं हे एका दुपारचं काम आहे. ते जमलेलं नसेल तर एकत्र अ‍ॅपमध्ये आपण अडकतो, आणि वेगवेगळ्या अ‍ॅप्समध्ये आपली माहिती विखुरते.

हा घोळ मुळात झाला कसा, हे थोडं मागे जाऊन पाहायला हवं. रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर संदेश पाठवला १९७१ साली. मेल कसा पोचवायचा आणि त्याचा मजकूर कसा मांडायचा, याचे सर्वांना खुले नियम १९८२ पर्यंत लिहून झाले. सर्व्हरवरचा मेल अनेक ठिकाणांहून वाचता यावा यासाठी मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आयमॅप तयार केलं. कॅलेंडरचं काम फार मागे राहिलं. आयसीएस फाइल ज्या स्वरूपात लिहितात ते आयकॅलेंडर मानक म्हणून आलं १९९८ मध्ये, आणि कॅलेंडर सर्व्हरवर ठेवून कुठल्याही प्रोग्रॅममधून वापरण्याची कॅलडॅव ही पद्धत २००७ मध्ये. संपर्कांची गत त्याहून वाईट. व्हीकार्ड हे स्वरूप नव्वदच्या दशकापासून होतं, पण ती कार्डं सर्व्हरवर एकत्र ठेवून सगळ्या उपकरणांवर जुळती ठेवण्याची कार्डडॅव ही पद्धत मानक झाली २०११ मध्ये. मेलच्या नियमांनंतर तब्बल एकोणतीस वर्षांनी.

मधल्या काळात लोकांची कामं थांबणार नव्हती. ती पोकळी कंपन्यांनी आपापल्या परीने भरली. मायक्रोसॉफ्टकडे आधी मेलसाठी एक प्रोग्रॅम होता आणि वेळापत्रकासाठी शेड्यूल प्लस नावाचा दुसरा. आउटलुक ९७ ने मेल, कॅलेंडर, संपर्क आणि कामांची यादी एका खिडकीत आणली. ऑफिसांना हे हवंच होतं. कोण केव्हा मोकळं आहे ते दिसतं, मीटिंगची खोली आरक्षित होते, आमंत्रणावर क्लिक केलं की तारीख कॅलेंडरमध्ये बसते. सगळ्याचा सर्व्हर एक, सगळ्याचा बनवणारा एक, त्यामुळे सांधे दिसतच नव्हते. आजही शंभर माणसांच्या ऑफिसात कुणी मला विचारलं, तर मी एकत्र व्यवस्थाच घ्या म्हणेन. तिथे कॅलेंडर हे सगळ्यांचं मिळून असतं आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचं अ‍ॅप आणलं की त्याचा भार खोली आरक्षित करणाऱ्या, सुट्ट्यांचा मेळ घालणाऱ्या माणसावर पडतो.

त्याची दुसरी बाजू घरी किंवा छोट्या दुकानात आउटलुक वापरणाऱ्यांनी सोसली. त्यांच्याकडे सर्व्हर नव्हता. सगळं संगणकावरच्या एका पीएसटी फाइलमध्ये जात असे. जुन्या स्वरूपात त्या फाइलची मर्यादा दोन जीबी होती. मोठमोठे फोटो आणि स्कॅन मेलने यायला लागल्यावर ती हद्द कधी गाठली हे कळायचंही नाही, आणि हद्द ओलांडली की फाइल बिघडायची. फुगलेला असायचा मेल, पण त्याच फाइलमध्ये असल्यामुळे सोबत पत्ते आणि भेटीच्या तारखाही अडकायच्या. २००३ च्या आवृत्तीत नवं स्वरूप आलं आणि मर्यादा खूप वाढली. तरी एका गोष्टीचा बिघाड दुसऱ्या दोघींना कसा भोवतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

वेगळं करण्याचा प्रयोग मोझिलाने केला. नेटस्केप कम्युनिकेटर आणि त्यानंतरचा मोझिला सूट यांत ब्राउझर, मेल, वेबपान लिहिण्याचं साधन असं सगळं एकत्र होतं आणि ते जड झालं होतं. मग तुकडे केले. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स आला, डिसेंबरमध्ये थंडरबर्ड. कॅलेंडरसाठी सनबर्ड हा तिसरा स्वतंत्र प्रोग्रॅम घडत होता. त्याच्याच जोडीला लाइटनिंग नावाची पुरवणी तयार झाली, जी थंडरबर्डच्या आत कॅलेंडर दाखवत असे. दोन्हींचा गाभा सारखाच. लोकांनी कौल दिला तो लाइटनिंगला. सनबर्डचं काम २०१० मध्ये थांबलं. २०१५ मध्ये लाइटनिंग थंडरबर्डबरोबरच मिळू लागलं आणि २०२० च्या आवृत्तीत कॅलेंडर थंडरबर्डचाच भाग झालं.

या घटनाक्रमावरून ‘शेवटी एकत्रच बरं’ असा निष्कर्ष काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. ब्राउझर वेगळा झाला तो परत मेलमध्ये आला नाही, येण्याची गरजही नव्हती. कॅलेंडर परत आलं, कारण आमंत्रण मेलमधून येतं. जिथे दोन कामांमध्ये रोजची ये-जा आहे तिथे भिंत टिकली नाही, एवढंच यातून दिसतं. आणि परत आलेलं कॅलेंडर खुल्या नियमांवर चालणारं होतं. थंडरबर्ड सोडून जाणाऱ्याला आपल्या तारखा बरोबर नेता येत होत्या. १९९७ च्या एकत्रपणात आणि २०२० च्या एकत्रपणात हा फरक फार मोठा आहे.

चँडलर या प्रकल्पाची हकीकत मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि मराठीत तिच्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. मिच केपर म्हणजे लोटस कंपनीचे संस्थापक. १-२-३ या स्प्रेडशीटने त्यांना नाव मिळवून दिलं. १९८८ मध्ये त्यांच्या कंपनीने अजेंडा नावाचा एक प्रोग्रॅम आणला होता. त्यात माणूस मनात येईल ते टिपत जाई आणि वर्गवारी नंतर होत असे. तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर करायची म्हणून या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ओपन सोर्स अ‍ॅप्लिकेशन्स फाउंडेशन ही संस्था काढली आणि चँडलरचं काम सुरू झालं. विचार असा होता, की मेल, भेट, काम, माणूस असे कप्पे मुळात नसावेतच. एखादा मेल आला, त्यातून काम निघालं, कामाला तारीख पडली. तर ती एकच नोंद आहे, तिचं रूप फक्त बदलत गेलं. तीन अ‍ॅप्समध्ये तीन प्रती करायचं कारण काय?

कल्पना आजही मोहात पाडते. आपल्या डोक्यात खरंच असे कप्पे नसतात. दाताच्या डॉक्टरांचा मेल, बुधवारची वेळ आणि डॉक्टरांचा नंबर हे आपल्या लेखी एकच प्रकरण असतं. पण पैसा होता, नावाजलेले प्रोग्रॅमर होते, खुला कारभार होता, तरी काम वर्षामागून वर्षं लांबत गेलं. स्कॉट रोझेनबर्ग या पत्रकाराने या चमूबरोबर राहून ‘ड्रीमिंग इन कोड’ हे पुस्तक लिहिलं. ते २००७ मध्ये आलं, तेव्हाही चँडलरची पहिली पक्की आवृत्ती निघालेली नव्हती. ती निघाली २००८ च्या ऑगस्टमध्ये, केपर बाजूला झाल्यानंतर. तोवर मूळ स्वप्न पुष्कळ आटलं होतं. पूर्ण मेल प्रोग्रॅम म्हणून वापरावा असा चँडलर राहिलेला नव्हता.

पण या प्रकल्पाने मागे एक ठेवा सोडला. चँडलरच्या चमूला कॅलेंडर अनेक माणसांत वाटून घ्यायचं होतं आणि त्यासाठी खुली पद्धत नव्हती. तिथे काम करणाऱ्या लिसा ड्युसो यांनी ती पद्धत मांडायला सुरुवात केली. २००७ मध्ये कॅलडॅव मानक म्हणून प्रसिद्ध झालं, तेव्हा त्याच्या तीन लेखकांत त्यांचं नाव होतं. आज आयफोनच्या कॅलेंडरमध्ये दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरच्या तारखा दिसतात, थंडरबर्डमध्ये टाकलेली भेट अँड्रॉइडवर डॅव-एक्स-फाइव्ह या अ‍ॅपच्या मदतीने उमटते, ते कॅलडॅवमुळे. सगळं एका ठिकाणी आणायला निघालेल्या माणसांनी वेगवेगळ्या अ‍ॅप्सना जोडणारी वाट बांधली. माझ्या मते चँडलर फसला असं म्हणणं अन्यायाचं आहे.

फोन आले आणि प्रश्नाचं रूप बदललं. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत संपर्क आणि तारखा यांचा साठा अ‍ॅपच्या नव्हे, फोनच्या प्रणालीच्या ताब्यात असू शकतो. परवानगी मिळालेलं कुठलंही अ‍ॅप तो वाचू शकतं. वर अ‍ॅप्स वेगळी, खाली साठा एक. जन्मतारीख संपर्कात एकदा लिहायची, कॅलेंडरमध्ये ती दरवर्षी दिसते. लिनक्सवर केडीई या डेस्कटॉपच्या लोकांनी हेच उलट बाजूने केलं: मेल, कॅलेंडर आणि पत्ते यांचे स्वतंत्र प्रोग्रॅम आधीपासून होते, काँटॅक्ट या प्रोग्रॅमने त्यांना एका चौकटीत बसवलं. हवं त्याने चौकट उघडावी, हवं त्याने सुटा प्रोग्रॅम. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

हे सगळं कुणाच्या तरी मर्जीवर चालू असतं, हेही डोळ्यांआड करता येत नाही. सनराइज नावाचं देखणं कॅलेंडर अ‍ॅप होतं. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. त्यातलं काही आउटलुकच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये उतरलं. विंडोज ८ मध्ये मेल, कॅलेंडर आणि पीपल अशी वेगळी अ‍ॅप्स आली होती. ३१ डिसेंबर २०२४ ला त्यांचा आधार थांबला आणि वापरणाऱ्यांना नव्या आउटलुककडे जायला सांगण्यात आलं. गूगलने २०१३ च्या मार्चमध्ये जाहीर केलं, की कॅलडॅव फक्त निवडक भागीदारांसाठी राहील. ओरड झाली आणि जूनमध्ये निर्णय फिरवला गेला. ओरड झाली नसती तर? ज्यांच्या तारखा गूगलकडे होत्या पण अ‍ॅप दुसऱ्याचं होतं, त्यांची वाट बंद झाली असती. म्हणून खुला दरवाजा आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, वर्षातून एकदा त्यातून आपलं सामान बाहेर काढूनही बघावं लागतं.

ऑफिसांना एकत्र व्यवस्था सुचवली, तरी एकट्याने काम करणाऱ्यांना मी मेल आणि कॅलेंडर वेगळं ठेवायला सांगतो, आणि त्याचं कारण तांत्रिक नाही. इनबॉक्स भरतो तो इतरांच्या मागण्यांनी. कॅलेंडरमध्ये असतं ते आपण दिलेले शब्द आणि आपला उरलेला वेळ. चारची भेट कुठे आहे एवढं बघायला म्हणून जे अ‍ॅप उघडायचं, त्यात पहिल्यांदा अकरा न वाचलेले मेल समोर येत असतील, तर भेटीचा पत्ता बाजूला राहतो आणि आपण उत्तर टाइप करत बसतो. लेखन, संशोधन, शिकवणं, रुग्ण तपासणं अशी सलग लक्ष मागणारी कामं करणाऱ्यांसाठी ही किंमत फार मोठी आहे. आमंत्रणाचा सांधा तेवढा साठ्याच्या पातळीवर जुळलेला असला की खिडक्या वेगळ्या ठेवून काही बिघडत नाही.

आता संपर्क. तिघांत सर्वांत दुर्लक्षित तेच, आणि माझ्या लेखी सर्वांत मोलाचे. मेल जुना होतो, तारीख उलटून जाते, माणूस राहतो. आपल्याकडे तर आणखी एक गुंतागुंत आहे. इंग्रजीतली सगळी मार्गदर्शनं धरून चालतात, की संपर्क म्हणजे मेलचा पत्ता आणि सोबत फोन नंबर. महाराष्ट्रात बहुतेकांच्या फोनमधला संपर्क म्हणजे नंबर आणि ‘रमेश प्लंबर’, ‘जोशी काकू दुसरा मजला’ असं नाव. मेलच्या पत्त्याची जागा रिकामी. तिकडे मेलच्या प्रोग्रॅममध्ये ज्यांना ज्यांना उत्तर दिलं त्यांचे पत्ते आपोआप गोळा झालेले, नंबराशिवाय. एकाच माणसाची दोन अर्धी कार्डं दोन ठिकाणी. एकत्र अ‍ॅप घेतलं म्हणून ही अर्धी आपणहून जुळत नाहीत.

त्यात नाव देवनागरीत असेल तर निर्यात करताना परीक्षा होते. व्हीकार्डच्या जुन्या २.१ आवृत्तीत, आणि पुष्कळ फोन वर्षानुवर्षं तीच लिहीत आले, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं होतं आणि प्रत्येक बाइट ‘बरोबर’च्या खुणेमागे दोन अक्षर-आकडे असा लिहिला जातो. ‘आई’ एवढं नाव अठरा खुणांचं होतं. ओळ शहात्तर खुणांपुढे जाऊ द्यायची नसते, त्यामुळे ‘सदाशिव कुलकर्णी’ ओळीत मावतच नाही आणि मध्येच मोडतं. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ती मोड सांधता आली नाही की नाव अर्धं येतं किंवा ओळखू येणार नाही असं येतं. ३.० आणि ४.० या आवृत्त्यांत अक्षरं सरळ लिहिता येतात. निर्यात करताना पर्याय मिळाला तर ४.० किंवा ३.० घ्या, या पुस्तकातला हा एक सल्ला तरी सगळ्यांनी आजच अमलात आणावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कॅलेंडरचंही एक आपलं दुखणं आहे. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ हा नियम आयकॅलेंडरला सहज कळतो. आजोबांची तिथी भाद्रपद वद्य पंचमी, हे त्याला सांगता येत नाही. इतर कालगणनांसाठी २०१५ मध्ये नियमांना जोड दिली गेली, पण क्षय आणि वृद्धी होणारी तिथी नेहमीच्या कॅलेंडर अ‍ॅप्समध्ये अजून बसलेली नाही. भिंतीवरचं कालनिर्णय १९७३ पासून जे घरोघर दाखवतं, ते फोनला दरवर्षी हाताने शिकवावं लागतं. त्यासाठीची सोय, म्हणजे वर्षाच्या तिथ्यांची एक आयसीएस फाइल बनवून घरच्या सगळ्यांच्या फोनवर तिची जोडणी कशी द्यायची, हे कॅलेंडरच्या प्रकरणात सविस्तर आहे.

पुस्तकाची मांडणी नेहमीच्या उलट आहे. आधी संपर्क, मग तारखा, मग मेल. सर्व्हरची निवड त्यानंतर, आणि अ‍ॅपची निवड अगदी अखेरच्या प्रकरणात. व्हॉट्सअ‍ॅप आणि कामांच्या याद्या मी मुद्दाम बाहेर ठेवल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद खुल्या स्वरूपात बाहेर नेऊन दुसऱ्या अ‍ॅपमध्ये चालू ठेवता येत नाही, आणि कामांच्या याद्यांचा विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे. ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्यांनी आमंत्रणांचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल.

बाकीच्यांनी पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी एवढं करावं: फोनमधले सगळे संपर्क एका व्हीसीएफ, म्हणजे व्हीकार्डच्या, फाइलमध्ये काढावेत, ती फाइल संगणकावर साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये उघडावी, आणि घरच्या माणसांची, डॉक्टरांची, मुलांच्या शाळेची नावं शोधून ती धड वाचता येतात का आणि प्रत्येक नावाखाली नंबर आणि मेलचा पत्ता दोन्ही आहेत का, ते बघावं. जी कार्डं अपुरी किंवा मोडकी निघतील त्यांची यादी कागदावर करून जवळ ठेवावी. पहिल्या प्रकरणातलं काम त्या यादीपासून सुरू होतं.